खिडकीवर 'हेरिटेज आहे, हात लावता येणार नाही' असं सांगितलं असेल तर आधी लेखी मागा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. गिरगावातलं आजोबांचं घर, रस्त्याकडची गॅलरी झुकलेली, पावसाळा तोंडावर, आणि दुरुस्तीचं विचारायला गेल्यावर सरकारी खिडकीवरचं उत्तर: "हेरिटेजमध्ये आहे, हात लावता येणार नाही." आम्हीही गिरगावचेच. हेच वाक्य मी ऐकलंय आणि त्यावर भरवसा ठेवून दोन पावसाळे घालवलेत.

हेरिटेज यादीत, म्हणजे जतन करायच्या वास्तूंच्या यादीत, महत्त्वाप्रमाणे श्रेणी १, २अ, २ब, ३ असतात, हे तुम्हाला माहीत असणारच. मला आधी हे सांगा, तुमचं घर स्वतः यादीत आहे की फक्त यादीतल्या परिसराच्या हद्दीत येतं? १९९५ साली मुंबईत नियम झाले (देशात असे नियम पहिल्यांदा इथेच) तेव्हा इमारतींसोबत अख्खे परिसरही घेतले गेले. आमच्या शेजारची खोताची वाडी त्यातलीच. दोन्हीला सगळे सरसकट 'हेरिटेज' म्हणतात, खिडकीपलीकडचे तर हमखास.

आता माझा गाढवपणा. मी ते उत्तर लेखी मागितलंच नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथे अजून कामं पडतात. साहेब भेटले नाहीत, बाबूंनी फाईल न उघडताच मान हलवली, आणि मी घरी येऊन काकांना सांगितलं की काही करता येत नाही. काका म्हणाले, "बरं, मग ताडपत्री टाकू." भिंतीत शिरलेलं सागवानी तुळईचं टोक आतून कुजत होतं, ते ताडपत्रीखाली कुणाला दिसणार? दुसऱ्या श्रावणात गॅलरीचा एक कोपरा खाली आला. रात्रीची वेळ होती म्हणून कुणाला लागलं नाही.

नियम नंतर स्वतः वाचला. पूर्वपरवानगीशिवाय दुरुस्ती, बदल, अगदी रंगकामही करू नये, असं त्यात होतं. खिडकीवर येईपर्यंत त्यातलं 'परवानगीशिवाय' गळतं आणि नुसतं 'करू नये' उरतं. शिवाय परवानगी महापालिका आयुक्तांची असते, हेरिटेज समिती सल्ला देते. लोक समितीच्याच मागे धावत बसतात. हे जुन्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ६७ चं झालं. २०१८ पासूनच्या नव्या नियमावलीत हा विषय नियम ५२ मध्ये आहे, तुम्ही तोच वाचा. मी वकील नाही, आर्किटेक्टही नाही, तेव्हा माझ्या शब्दावर पहार उचलू नका.

आमची अडकलेली गाडी पुढे सरकली ती माहिती अधिकारामुळे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच गोष्ट मागितली: आमच्या सी.एस. नंबरची (जागेच्या भूमापन क्रमांकाची) यादीतली नोंद, सगळ्या रकान्यांसकट. 'दुरुस्ती करता येईल का' असं विचारू नका, सल्ला देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद मागा. ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आलं की इमारत स्वतंत्रपणे यादीत नाही, परिसराच्या हद्दीत आहे. दोन वर्षं ज्याला घाबरलो ते हे.

तुमची नोंद स्वतंत्र निघाली तर मूल्याचा रकाना, म्हणजे इमारत कशासाठी जपायची ते सांगणारा, नीट बघा. वास्तुरचना, इतिहास, काळ, समूहमूल्य (आजूबाजूच्या इमारतींसोबत मिळून असलेलं मोल) अशी कारणं तिथे इंग्रजी अक्षरांच्या खुणांनी लिहिलेली असतात. समूहमूल्य असेल तर माझ्या मते रस्त्याकडचा दर्शनी भाग, कठडा, कौलांची रेघ यांवरच अर्जाचा भर हवा. आणि अर्जात 'पुनर्बांधणी' हा शब्द चुकूनही नको. असेल तशी दुरुस्ती, इतकंच लिहा.

२०१२ साली हेरिटेजसाठी ९४८ नव्या नोंदींची प्रस्तावित यादी निघाली आणि त्यात आलेले शिवाजी पार्कवाले चवताळून उठले, तेव्हा मी त्यांना हसलो होतो. म्हटलं, बिल्डरचे पैसे दिसतायत यांना. ते खोटं नव्हतंच, पण आता वाटतं, निम्मी भीती या खिडक्यांचीच असणार. जतनाच्या बाजूचा मी आजही आहे, हेही लिहून ठेवतो.

जाता जाता: कंत्राटदार चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू म्हणेल. मारू देऊ नका, ओल आत कोंडते आणि लाकडाची टोकं आधी जातात. गॅलरी उतरवण्याआधी प्रत्येक दांड्यावर खडूने नंबर घाला आणि शेजारी टेप धरून फोटो काढा. आमच्या सुताराने कठड्याचे अकरा दांडे त्या फोटोंवरूनच कातले. बारावा अजून माळ्यावर आहे, नमुना म्हणून हवा असेल तर या.