अमेरिकेतल्या इलेक्टिव्हसाठी आधी कॉलेजचं बघ

मेडिकलला शिकत असताना अमेरिकेत इलेक्टिव्ह, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात थोडे दिवस पेशंट बघत शिकणं, करायचंय? मग आधी डीन ऑफिस गाठ, बाकीचं नंतर. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं बाहेरच्या विद्यार्थ्यांचे अर्ज व्हीएसएलओ या पोर्टलवर घेतात, आणि तिथे तुझं कॉलेज नोंदलेलं लागतं. नसेल तर थेट अर्ज घेणारी विद्यापीठं शोध. थोडी आहेत, पण आहेत.

शिकत असतानाच जा. डिग्री हातात पडली की बहुतेक ठिकाणी फक्त ऑब्झर्व्हरशिप उरते, म्हणजे पेशंटला हात न लावता मागे उभं राहणं. व्हिसाही यावरच अडतो: बिनपगारी इलेक्टिव्हला बी-१ हा तात्पुरत्या भेटीचा व्हिसा चालतो, पण ते अभ्यासक्रमाचा मान्य भाग असल्याचं डीनचं पत्र हवं. हे पत्र जावक क्रमांकासह, लेटरहेडवर घे. क्लार्कला गोड बोल, तोच खरा दाता!

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते लसीकरणाच्या फॉर्मवर. हिपॅटायटिस बीचं नुसतं कार्ड बऱ्याचदा पुरत नाही, अँटिबॉडी टायटर मागतात, म्हणजे लसीमुळे रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्यात त्याची तपासणी. टीबीसाठी त्वचेची चाचणी करू नकोस; बीसीजी घेतलेल्या आपल्या लोकांची ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याऐवजी इग्रा ही टीबीची रक्तचाचणी कर. टायटर कमी निघालं तर डोस परत घेण्यात महिने जातात, म्हणून हे आजच लॅबला दे. मालप्रॅक्टिस विम्याचं (उपचारातल्या चुकीबद्दल दावा झाला तर लागणारा विमा) विद्यापीठाला विचार, काही जण स्वतःचा काढायला लावतात.