शिक्षेला स्थगिती आहे. दोषसिद्धीला आहे का?

सरकारी कर्मचाऱ्याला मारहाण केल्याच्या खटल्यात तुम्हाला दोन वर्षांची शिक्षा झाली. सत्र न्यायालयात अपील दाखल आहे, शिक्षा स्थगित आहे, जामीनही मिळाला आहे. मग विधानसभेचा फॉर्म भरता येईल ना, असं तुम्ही विचारता. निवडणुका जवळ आल्या की हाच प्रश्न घेऊन अनेक जण येतात, आणि बहुतेकांच्या फायलीत नेमका एक कागद नसतो.

तुम्ही पाठवलेला आदेश पुन्हा वाचा. त्यात फक्त शिक्षा स्थगित केली आहे. त्याने तुरुंग टळला. अपात्रता तशीच राहिली. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८(३) दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेला लागू होतं. एक दिवस कमी असता तरी या कलमातून सुटला असता. ही अपात्रता दोषी ठरल्याच्या दिवसापासून सुरू होते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते. अपील प्रलंबित आहे एवढ्याने ती थांबत नाही. त्यासाठी दोषसिद्धीलाच, म्हणजे तुम्हाला दोषी ठरवणाऱ्या निकालालाच, स्थगिती लागते. तो अर्ज तुमच्या वकिलांनी केला नाही आणि चौदा महिन्यांत तुम्हीही विचारलं नाही. निवडणूक लढवायची हे तेव्हाही ठरलेलं होतं ना?

आता सगळं उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या तारखेवर आहे. निवडणूक निर्णय अधिकारी त्या दिवशीची स्थिती पाहतात. दुसऱ्या दिवशी मिळालेल्या स्थगितीचा या निवडणुकीपुरता उपयोग नाही. गुजरातमधल्या पाटीदार आंदोलनाचे नेते हार्दिक पटेलांना जुलै २०१८ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, ती महिन्याभरात स्थगितही झाली. दोषसिद्धीवरची स्थगिती मात्र गुजरात उच्च न्यायालयाने मार्च २०१९ अखेरीस नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने तातडीची सुनावणी घेतली नाही आणि लोकसभेचा अर्ज भरण्याची मुदत संपली. स्थगिती मिळाली एप्रिल २०२२ मध्ये. तीन वर्षं! आपल्या न्यायालयांचा हा वेग गृहीत धरूनच चाला.

स्थगिती मिळेलच असं मी सांगणार नाही. ती अपवाद म्हणून दिली जाते. साक्षीपुरावा पाहिल्याशिवाय अंदाज बांधणं चुकीचं ठरेल. सत्र न्यायालयात याच आठवड्यात अर्ज द्या, त्यात छाननीची तारीख ठळक लिहा, नाकारला तर त्याच दिवशी आदेशाची प्रमाणित प्रत मागून उच्च न्यायालयात जा. आणि काहीही झालं तरी उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात ही शिक्षा लपवू नका. तो वेगळा गुन्हा आहे.