आधी परतीचं ठरवा, मग कॉलेज

तुम्ही विचारलंय की मुलगी बारावी सायन्स झाली, पायलटचं ट्रेनिंग अमेरिकेत घ्यायचंय, तर विद्यापीठातली चार वर्षांची एव्हिएशन डिग्री घ्यावी की फ्लाइंग स्कूलमधून लायसन्स काढून पदवी मागाहून करावी. तिला नोकरी कुठे करायची आहे, हे त्याआधी ठरवा.

एव्हिएशन डिग्रीचा मोठा फायदा अमेरिकेपुरताच आहे. तिथे एअरलाइनमध्ये लागायला साधारणपणे उड्डाणाचे १५०० तास लागतात. २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर हा नियम आला. मान्यताप्राप्त विद्यापीठाची एव्हिएशन पदवी असेल तर १००० तासांत भागतं, दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला १२५०. पण त्यासाठी एव्हिएशनचे ६० क्रेडिट (असोसिएटला ३०) हवेत, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) व कमर्शियल (पगारी पायलटचं लायसन्स) ही दोन्ही त्याच संस्थेशी जोडलेल्या पार्ट १४१, म्हणजे अमेरिकेच्या विमान प्रशासनाने मंजूर केलेल्या, अभ्यासक्रमातून झालेली हवीत. पैसे वाचवायला उन्हाळी सुट्टीत बाहेरच्या स्कूलमध्ये इन्स्ट्रुमेंट उरकलं, की सवलत गेली. अॅडमिशनच्या वेळी हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

आता व्हिसा. एफ-१ (विद्यापीठातल्या शिक्षणाचा व्हिसा) वर पदवीनंतर साधारण वर्षभराची ओपीटी, म्हणजे शिकलेल्या क्षेत्रात काम करायची परवानगी, मिळते. त्यात इन्स्ट्रक्टर म्हणून पगार घेत तास वाढवता येतात. पुढे मात्र वाट अडते: पायलटच्या नोकरीला ठरावीक विषयाची पदवी बंधनकारक नसल्याने एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहसा मिळत नाही. म्हणजे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल, तर १००० तासांची ती सवलत कागदावरच राहते. त्यासाठी चार वर्षांची विद्यापीठाची फी भरणं मला पटत नाही.

भारतात परतायचं असेल तर हिशोब वेगळा. डीजीसीएला (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) कमर्शियल लायसन्ससाठी पदवी नको, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. उड्डाणाचे २०० तास, त्यात १०० पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असतानाचे. गंमत अशी की पार्ट १४१ मध्ये कमर्शियल १९० तासांतही होतं. वरचे दहा तास सुरुवातीलाच पॅकेजमध्ये धरून घ्या, नाहीतर शेवटी सुट्या दराने विमान भाड्याने घ्यावं लागतं. लॉगबुकातही घोळ होतो. प्रायव्हेट (पहिलं, बिनपगारी उड्डाणाचं) लायसन्स झाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाचे तास अमेरिकन नियमात पीआयसी म्हणून लिहिता येतात, डीजीसीए ते ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाचे, धरते. त्यामुळे पीआयसीचे १०० तास पहिल्यापासून वेगळ्या रकान्यात मोजा.

तिच्यासाठी क्रम असा ठेवा: आधी डीजीसीएची क्लास २ मेडिकल (प्राथमिक वैद्यकीय तपासणी), मग क्लास १ (कमर्शियल पायलटसाठीची). रंगांधळेपणासारखं काही निघायचंच असेल तर ते फी भरण्याआधी निघू दे. मग डीजीसीएचे पेपर भारतातच सोडवा, पास व्हायला ७० टक्के लागतात. त्यानंतर फ्लाइंग. पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून करा, आणि शक्यतो एव्हिएशन सोडून कॉमर्स, कॉम्प्युटर असं काहीतरी. उद्या मेडिकल गेलं तर एव्हिएशनच्या पदवीवर पर्याय फार थोडे उरतात. फक्त पदवीच्या परीक्षेच्या तारखा बघून अमेरिकेचे महिने ठरवा.

फ्लाइंग स्कूल बहुधा एम-१ (व्यावसायिक कोर्सच्या) व्हिसावर बोलावतं. एम-१ चा एफ-१ अमेरिकेत बसून करता येत नाही, त्यामुळे 'तिथे गेल्यावर कॉलेजचं बघू' हा बेत धरू नका. शिवाय एम-१ ला पूर्ण कोर्सचा खर्च बँकेत दाखवावा लागतो, एफ-१ ला मुख्यतः पहिल्या वर्षाचा.

घरात कुणाचं ग्रीन कार्ड असेल आणि तिलाही ते मिळणार असेल, तर मात्र विद्यापीठच घ्या. नॉर्थ डकोटा, एम्ब्री-रिडल, पर्ड्यू ही जुनी नावं आहेत. नॉर्थ डकोटात हिवाळ्यात उड्डाणं रद्द होतात, एम्ब्री-रिडलच्या फ्लोरिडातल्या कॅम्पसवर उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी गडगडाट.

कोटेशन मागवाल तेव्हा विचारा, प्रायव्हेटला किती तास धरलेत? कायदेशीर किमान ३५ किंवा ४० लिहितात, प्रत्यक्षात ६० च्या पुढे सहज जातात. आणि लायसन्सची चाचणी घेणारा परीक्षक किती दिवसांत मिळतो हेही विचारा. तो महिना-दीड महिना मिळाला नाही, तर राहण्याचा खर्च चालूच राहतो आणि हात बसलेला राहावा म्हणून मध्ये उड्डाणंही विकत घ्यावी लागतात.