प्रोटॉनसाठी थांबू का, डॉक्टर?

प्रोटॉन म्हणजे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेलं कॅन्सरचं रेडिएशन. चेन्नईत २०१९ मध्ये त्याचं खासगी केंद्र सुरू झालं. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात २०२३ पासून ही सोय आली. तेव्हापासून रेडिएशन ठरलेल्या बहुतेक घरांतून तोच प्रश्न येतो, बहुधा व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या व्हिडिओसकट.

प्रोटॉन घेऊन आल्यावर नातवाला जवळ घेतलं तर चालेल का?

खुशाल घ्या. त्याला काही धोका नाही.

वडिलांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. इथल्या डॉक्टरांनी नेहमीचं रेडिएशन सांगितलंय. भाऊ म्हणतो, प्रोटॉनच द्यायचं. पैसे उभे करायला दीड-दोन महिने लागतील. थांबावं का?

थांबू नका. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. त्याआधी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसणारा मास्क बनवणं, सीटी स्कॅन, त्यावर अवयवांच्या रेषा आखणं, प्लॅन आणि त्याची तपासणी यात आठवडा-दहा दिवस सहज जातात. किडके दात काढायचे असतील तर जखम भरायला आणखी दहा ते चौदा दिवस. म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झालाय.

मागे राहिलेल्या पेशी तुमचे पैसे जमेपर्यंत स्वस्थ बसत नाहीत. त्या वाढत राहतात, आणि ऑपरेशनपासून रेडिएशन संपेपर्यंतचा काळ ११ आठवड्यांच्या पुढे गेला की आजार परतण्याची शक्यता वाढते. त्या तुलनेत प्रोटॉन काय देणार? पेशी मारण्याची त्याची ताकद नेहमीच्या क्ष-किरणांपेक्षा साधारण दहा टक्केच जास्त धरतात, आणि डोस ठरवतानाच तेवढा हिशेब केलेला असतो. फरक आहे तो किरण कुठे थांबतो याचा. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडून थांबतो. एका गालाच्या आजारात त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या लाळग्रंथी आणखी वाचतील. हा फायदा खरा आहे, पण त्यासाठी बरं होण्याची संधी पणाला लावायची नसते. आयएमआरटी, म्हणजे क्ष-किरणांचा डोस गाठीच्या आकाराप्रमाणे बेतून देण्याची पद्धत, हा काही गरिबांचा उपचार नव्हे. प्रोटॉन केंद्राकडून वेळेत बसणारी तारीख लेखी मिळत असेल, तर ती तुमच्या रेडिएशन डॉक्टरांना दाखवा. नसेल, तर उद्याच मास्क करून घ्या. जमीन विकायचा विचार तर मुळीच नको.

चार वर्षांच्या मुलीचा मेड्युलोब्लास्टोमा (मेंदूतली कॅन्सरची गाठ) काढलाय. डॉक्टर स्वतःच प्रोटॉन सुचवतात. रोज भूल देणार म्हणतात, ती सोसेल का?

इथे सल्ला योग्य आहे. या आजारात पूर्ण मेंदू आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन द्यावं लागतं. क्ष-किरण कण्यातून पुढे थायरॉईड, हृदय, आतडी यांच्यापर्यंत पोहोचतात. प्रोटॉन मणक्यांशी थांबवता येतो. वाढत्या वयात मणक्याचा पूर्ण भाग मुद्दाम डोसमध्ये घेतात, नाहीतर पुढची-मागची वाढ असमान होऊन पाठ वाकते. मात्र संपूर्ण मेंदूला डोस मिळतोच. त्यामुळे शाळेतली प्रगती, ऐकणं आणि संप्रेरकं यांची तपासणी पुढची अनेक वर्षं चुकवू नका.

आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे, रोज थोडा वेळ भूल, हे नेहमीचं काम आहे. साधारण नियम असा: जेवण सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी. सर्दी-खोकला असेल तर भूलतज्ज्ञांना सकाळीच सांगा. आणि इथेही ऑपरेशननंतर सात आठवड्यांच्या पुढे जाऊ नका.

प्रोस्टेटसाठी एका एजंटने 'शून्य साइड इफेक्ट' प्रोटॉन पॅकेज देऊ केलंय.

शून्य साइड इफेक्ट असलेलं रेडिएशन अस्तित्वात नाही. मूत्राशय आणि गुदाशय प्रोस्टेटला चिकटून असतात, त्यांना डोस मिळतोच. प्रोटॉनमध्ये त्वचाही लाल होते. अमेरिकेतल्या पार्टिकॉल चाचणीत प्रोस्टेटसाठी प्रोटॉन आणि आयएमआरटी यांची थेट तुलना झाली. २०२४ मध्ये निकाल आला: आतड्यांच्या तक्रारींत फरक नाही, कॅन्सरवरच्या नियंत्रणातही नाही. पॅकेजवाल्याला हे विचारून बघा. उपचार मात्र युरोलॉजिस्ट आणि रेडिएशन डॉक्टर दोघांना भेटून ठरवा.

आईचा आजार फुप्फुस आणि यकृतात पसरलाय. प्रोटॉनने निघेल?

नाही. रक्तातून पसरलेल्या आजाराला औषधं लागतात. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना भेटा.

नाकामागच्या गाठीसाठी प्रोटॉन चालू आहे. पाच किलो वजन उतरलं, मास्क सैल वाटतो. सांगायला हवं का?

आजच. प्रोटॉनची अचूकता हीच त्याची नाजूक बाजू आहे. किरण किती खोल जाईल या अंदाजात मुळातच साधारण साडेतीन टक्के फरक धरलेला असतो. १० सेंटीमीटरवर तो साडेतीन मिलिमीटर होतो. त्यात चरबी घटली किंवा सायनसमध्ये शेंबूड साचला, की किरण आधी किंवा पुढे जाऊन थांबतो, आणि पुढे मेंदूचा देठ किंवा डोळ्याची नस असू शकते. म्हणून मधल्या काळात पुन्हा सीटी करून प्लॅन तपासतात. मास्कखाली कापूस भरण्यासारखे घरगुती उपाय करू नका.

दुसऱ्या मतासाठी काय घेऊन जावं?

बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा). ऑपरेशनच्या नोंदी. एमआरआय-सीटी सीडीवर, डायकॉम स्वरूपात, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल. पूर्वी रेडिएशन झालं असेल तर त्याचा डोस आणि प्लॅन. तो नसेल तर पुन्हा किती देता येईल हे कुणीच ठरवू शकत नाही. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो चालत नाहीत.