२०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात काँग्रेसचा सर्वाधिक जोर कोणत्या भागात होता?

विदर्भात. निवडणूक आयोगाचा मतदारसंघनिहाय निकाल विभागवार लावला की लगेच दिसतं: काँग्रेसने राज्यात १७ जागा लढवून १३ जिंकल्या, त्यातल्या ५ विदर्भातल्या: रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर, चंद्रपूर आणि अमरावती. तिथे लढवलेल्या सातांपैकी फक्त नागपूर आणि अकोला हातचे गेले. २०१९ मध्ये अख्ख्या राज्यात पक्षाची एकच जागा आली होती, तीही चंद्रपूरची. यावेळी तिथलं मताधिक्य अडीच लाखांच्या वर गेलं आणि पडले कोण, तर राज्याचे तेव्हाचे मंत्री, भाजपचे सुधीर मुनगंटीवार! कापूस-सोयाबीनचे पडलेले भाव आणि संविधान बदलाच्या भीतीने एकवटलेली दलित मतं, ही माझ्या मते मुख्य कारणं. मराठवाड्यातही जालना, नांदेड, लातूर अशा ३ जागा आल्या. मुंबईबाहेरच्या कोकणपट्टीत मात्र शून्य.

पण जागा आली म्हणजे तो भाग पक्षाचा, असं धरू नका. धुळ्यात काँग्रेस ३,८३१ मतांनी जिंकली खरी, पण सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने सगळं भरून काढलं. शिवाय ही मतं महाविकास आघाडीची होती, एकट्या काँग्रेसची नव्हेत. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेत २८८ पैकी पक्षाच्या वाट्याला जेमतेम १६ जागा आल्या.