हरवलेला मोबाइल: आधी काय करायचं, मग काय?

फोन घरातच कुठेतरी आहे, पण सायलेंटवर. रिंग देऊन उपयोग नाही. मुलाच्या फोनवरून जीमेल उघडायला गेले तर कोड त्याच हरवलेल्या फोनवर जातो! (नाशिक)

मुलाच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर गूगलचं ‘फाइंड हब’ उघडा. 2025 पर्यंत याचंच नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं. हरवलेल्या फोनमध्ये जे जीमेल खातं आहे, त्यानेच लॉग इन करा आणि आवाज वाजवण्याचा पर्याय दाबा. फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं पूर्ण आवाजात वाजतो. त्यासाठी तो चालू आणि इंटरनेटला जोडलेला हवा. घरचं वायफाय पुरतं.

कोडची अडचण मात्र आधीच सोडवून ठेवावी लागते. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात: दहा कोड, प्रत्येकी आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा, फोनमध्ये नको. आयफोनवाल्यांना हा त्रास नाही. आयक्लाउडच्या वेबसाइटवरचा ‘फाइंड’ विभाग फक्त पासवर्डवर उघडतो.

लोकलच्या दारात हातातला फोन हिसकावून नेला. पहिल्या तासात काय करायला हवं होतं? (डोंबिवली)

बहुतेक जण आधी सिम बंद करायला धावतात. पण सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट जातं आणि नकाशावरचं ठिकाणही अडकतं. म्हणून फोन लॉक असेल तर पहिली पाच-दहा मिनिटं ‘फाइंड हब’ला किंवा ॲपलच्या ‘फाइंड माय’ला द्या. ठिकाणाचा वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या आणि फोन हरवल्याची तिथे नोंद करून तो लॉक करा. मग सिम.

तुमच्या बाबतीत फोन वापरात असताना गेला, म्हणजे स्क्रीन उघडीच होती. अशा वेळी क्रम उलटा. आधी सिम, लगेच बँक, नकाशा नंतर. सिम बंद केलं म्हणजे यूपीआय बंद झालं असं धरून चालू नका. बँकेला फोन करून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग वेगळं थांबवायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. यूपीआय लाइटला पिनच लागत नाही. एका वेळी 1000 रुपयांपर्यंत खर्च करता येतो आणि शिल्लक 5000 पर्यंत असू शकते. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुम्ही बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं असतं, म्हणून तक्रारीची वेळ फार महत्त्वाची.

यानंतर लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार. हद्दीवरून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि फोन हिसकावला असेल तर ‘गहाळ’ अशी नोंद मान्य करू नका. ऑनलाइन मिळणारा गहाळ वस्तूचा दाखला चोरीच्या गुन्ह्याची जागा घेत नाही.

फोनमधला सगळा डेटा दुरून पुसण्याची घाई टाळा. अँड्रॉइड फोन पुसला की ‘फाइंड हब’मधलं त्याचं ठिकाण कायमचं जातं. खात्यांचे पासवर्ड बदलले आणि स्क्रीन लॉक मजबूत असेल तर ते पाऊल शेवटी.

सीईआयआर या सरकारी पोर्टलवर हरवलेला फोन ब्लॉक करायचा आहे. नवं सिम घेतलं, पण ओटीपीच येत नाही. आयएमईआयसुद्धा माहीत नाही. (सांगली)

सिम बदलून घेतल्यावर सुरक्षेसाठी पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद असतात. कॉल सुरू झाले म्हणून ओटीपी येईलच असं नाही. पोर्टल किंवा नेटवर्क बिघडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

आयएमईआय हा फोनचा 15 आकडी क्रमांक. खोक्यावर आणि बहुतेक वेळा बिलावर असतो. दोन्ही नसतील तर ‘फाइंड हब’मध्ये फोनच्या माहितीत किंवा ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत पाहा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. दोन्ही भरा. एकच भरला तर दुसरा उघडा राहतो आणि तक्रार अर्धवट पडते.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर सीईआयआरचा अर्ज आहे. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र, असेल तर बिल आणि नवं सिम लागतं. शेवटी मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा. या सेवेची सुरुवात 2019 मध्ये महाराष्ट्रातूनच प्रायोगिक स्वरूपात झाली आणि 2023 मध्ये ती देशभर लागू झाली.

ब्लॉक केल्यावर तो फोन देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही, सिम कुठलंही घाला. कोणी सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. ‘ब्लॉक केला तर पोलिसांना शोधता येणार नाही’ ही समजूत चुकीची आहे. मात्र तुम्हाला त्यातून नकाशा दिसत नाही; पाठपुरावा ठाण्यातच करावा लागतो. वायफायवर फोन चालू शकतो, म्हणून खात्याचं लॉक हवंच.

नकाशावर फोन शेजारच्या वस्तीत दिसतोय. जाऊन मागू का? (पुणे)

नाही. नकाशावरचं वर्तुळ अंदाजाचं असतं. दाट वस्तीत एका वर्तुळात वीस घरं येतात, आणि इमारतीत मजला कळतच नाही. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांसोबतच जा.

आयफोन गेल्यावर तीन दिवसांनी मेसेज आला: ‘तुमचा फोन सापडला, ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडा.’ (मडगाव)

उघडू नका. तुमच्या ॲपल खात्याशी जोडलेला आयफोन चोराला नव्याने सुरू करता येत नाही, म्हणून तुमचा पासवर्ड मिळवण्याची ही युक्ती आहे. लिंकमागे ॲपलसारखं दिसणारं खोटं पान असतं. ‘फोन यादीतून काढून टाका, मग परत देतो’ असे फोनही येतात. यादीतून काढलात की लॉक गेलं, फोन विकायला मोकळा. डेटा पुसायचाच असेल तर खुशाल पुसा, पण उपकरण खात्यातून हटवू नका.

पोलिसांनी फोन परत दिला, पण त्यात कुठलंच सिम चालत नाही. (लातूर)

तो अजून ब्लॉक आहे. सीईआयआरवर ‘सापडलेला मोबाइल अनब्लॉक’ हा पर्याय घ्या, जुना रिक्वेस्ट आयडी आणि मोबाइल नंबर भरा, ओटीपी द्या. आयडी हरवला असेल तर ठाण्यातून मदत घ्या. फोन सुरू झाला की सेटिंग्जमध्ये जाऊन सिमला पिन लावा. मग चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी तुमचे ओटीपी त्याच्या हाती लागत नाहीत. सिम कंपनीने आधीच ठेवलेला पिन ग्राहक सेवेला विचारूनच टाका. तीनदा चुकला तर सिम उघडण्याचा आठ आकडी कोड, म्हणजे पीयूके, लागतो, आणि पीयूके दहादा चुकला तर ते सिम कायमचं निकामी होतं.