वाचकांचे प्रश्न : बाळ मान कधी धरणार?

प्रश्न : माझी मुलगी ३४व्या आठवड्यात जन्मली, वजन १.८ किलो होतं. आता साडेतीन महिन्यांची आहे, पण मान धरत नाही. पालथी घातली की लगेच रडते. सारखी उजवीकडे बघते, त्यामुळे डोकं मागून त्या बाजूला चपटं झालंय. सासूबाई मोहरीची उशी द्यायला सांगतात. काय करावं?

उत्तर : आधी वय नीट मोजा. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे. तुमची लेक सहा आठवडे लवकर आली. ते वजा केले की विकासाच्या हिशेबाने ती साधारण दोन महिन्यांची. या वयात पालथं असताना क्षणभर डोकं उचललं तरी ठीक. आधाराशिवाय मान स्थिर राहायला चार महिने लागतात, म्हणजे तिच्या जन्मापासून साडेपाच. ही वजाबाकी ती दोन वर्षांची होईपर्यंत करायची. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच; त्या पुढे ढकलू नका.

सपाट जमिनीवर डोक्याचा सगळा भार मानेवर येतो, म्हणून ती दमते आणि रडते. सुरुवात तुमच्या छातीवर करा. उशांना टेकून अर्धवट बसा, तिला छातीवर पालथी ठेवा, बोलत राहा. तुमचा चेहरा बघायला ती डोकं उचलेल. चार-पाच दिवसांनी सतरंजीवर घ्या. छोट्या टॉवेलची गुंडाळी काखांखाली, हात गुंडाळीच्या पुढे. हात अंगाखाली दबले तर रेटा मिळत नाही, आणि बहुतेक घरी चुकतं ते इथेच. एका वेळी एक-दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, दूध पाजून अर्धा तास झाल्यावर. हळूहळू दिवसाची बेरीज अर्ध्या तासावर न्या. ती जागी आणि तुम्ही शेजारी असाल तेव्हाच. झोपवायचं नेहमी पाठीवर.

उशी मोहरीची असो वा कापसाची, देऊ नका. झोपेत नाका-तोंडावर आली तर श्वास कोंडतो. त्याऐवजी पाळण्यात डोक्याची आणि पायांची बाजू रोज बदला, जागेपणी डावीकडून बोला, खुळखुळा डावीकडून वाजवा. मान डावीकडे पूर्ण वळतच नसेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तेव्हा बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा, मालिशवाल्या बाईंना मान ओढू देऊ नका.

तुमच्या प्रश्नात नाही, पण फार महत्त्वाचं : एवढ्या कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांत व्हायला हवी. ती किंवा ऐकण्याची तपासणी राहिली असेल तर याच आठवड्यात करा. अंग ताठ किंवा फार लुळं वाटलं, एकच हात हलताना दिसला, तर वयाचा हिशेब करत थांबू नका. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र (बाळाच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारा विभाग) असेल तर तिथे या तपासण्या आणि उपचार मोफत होतात.